भिंतीपासून अठरा पावलं

आधी मला सांगा, त्या टाकीच्या खड्ड्याभोवती पट्टी बांधली का? नाही ना? सकाळी बांधू म्हणता. सकाळी नाही, आत्ता. तू जा, तुझे पाय लांब आहेत. लाल-पांढरी पट्टी शेडमध्ये दारामागे खिळ्याला अडकवलेली आहे. चारही बाजूंनी बांध, आणि एक फेरा नाही, दोन. बॅटरी घेऊन जा. तू परत येईपर्यंत मी गोष्ट सुरू करत नाही.

हसू नका त्याला. तुम्हाला वाटत असेल मिस्त्री काका म्हातारे झाले, उगाच कटकट करतात. करू दे. चाळीस वर्षं मी तुमच्यासारख्या इंजिनिअरांची कटकट ऐकली, आता माझी पाळी.

आलास? दोन फेरे? बरं. बसा आता. स्लॅब ओला आहे, कुत्री नाचून गेली तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे रात्रभर जागायचंच आहे. ही मघाशी म्हणाली, भुताची सांगा, उलट्या पायांच्या भुताची. बाई गं, तू चेष्टेत मागितलीस आणि माझ्याकडे नेमकी तीच आहे. मला स्वतःला कधी काही दिसलेलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? ज्याला दिसलं तो माझ्याबरोबर अकरा वर्षं काम करत होता. आणि सकाळी तिथे जे उरलं होतं, ते मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. ऐकायचं तर मध्ये बोलायचं नाही.

तो आमचा सुपरवायझर. साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला आपण दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूस तसाच, ताठ आणि काटेकोर. एक सूत इकडेतिकडे झालं की भिंत पाडायला लावायचा. मी दोनदा पाडली आहे, आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आहे. पण माणूस खोटा नव्हता. म्हणजे, तोपर्यंत नव्हता.

काम होतं एका म्युझियमच्या वाढीव इमारतीचं. जुनं म्युझियम दगडी, ठेंगणं. आत नाणी, मडकी, गंजलेल्या तलवारी. त्याच्या मागे नवी इमारत उभी करायची आणि दोन्हींच्या मध्ये एक मोठं अंगण. त्या कामाची तऱ्हाच वेगळी होती. आधी इमारत, मग शोभेला एखादा पुतळा, मग उरलेल्या जागेत चार कुंड्या, असं आपण नेहमी करतो. तिथे तसं नव्हतं. पहिल्या दिवसापासून तिघं जण एका टेबलाशी बसलेले. एक आर्किटेक्ट ताई. दुसरे ताईंचे वडील, ते मूर्तिकार. सगळी साइट त्यांना आबा म्हणायची. आणि तिसऱ्या बागवाल्या बाई. झाडं कुठे, गवत कुठे, पाणी कुठून वाहील आणि कुठे मुरेल, हे सगळं त्या ठरवायच्या.

टेबल पत्र्याच्या शेडमध्ये होतं. त्याच्यावर तीन ट्रेसिंग पेपर, एकावर एक. ताईंचा काळ्या रेघांचा, आबांचा लाल, बागवाल्या बाईंचा हिरवा. तिन्ही नीट बसवले की भिंत, भिंतीवरचं कोरीव काम आणि समोरचं झाड एकाच नजरेत दिसायचं. नियम एकच. काहीही हलवायचं असेल, खांब असो नाहीतर रोपटं, आधी कागदावर काढायचं, तारीख घालायची, खाली ताईंची सही घ्यायची आणि मगच फावडं उचलायचं. कारण एकाने काही सरकवलं की बाकी दोघांचं बिघडतं. आबा रोज सकाळी छिन्नीला हात लावायच्या आधी ते तीन कागद बघायचे. वर्तमानपत्र वाचावं तसे.

बाप-लेकीची भांडणं ऐकायला आम्ही जेवणाची सुट्टी लांबवायचो. ताई म्हणायच्या, "बाबा, इथे भिंत तीन इंच पातळ होणार आहे." आबा म्हणायचे, "मग तुझं छप्पर कर तीन इंच पातळ, माझी भिंत कशाला?" शेवटी व्हायचं दोघांच्या मधलंच काहीतरी, आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवरून घरी जायचे.

आबांची भिंत म्हणजे नव्या इमारतीची अंगणाकडची बाजू. सगळी दगडाची. तिच्यावर ते माणसं कोरत होते, चालणारी माणसं, भिंतभर. पण जवळ उभं राहिलं तर काहीच कळायचं नाही. नुसत्या छिन्नीच्या खुणा, कोंबड्यांनी उकरल्यासारख्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, म्हाताऱ्याची दृष्टी गेली वाटतं. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला मागे मागे नेलं. बावीस पावलं. आणि मग एकदम भिंतीतून माणसं चालत यायला लागली. कुणाच्या डोक्यावर बोजा, कुणाच्या कडेवर पोर. आबा म्हणाले, "बघ, इथून दिसतं. तिथून फक्त ठोकायचं."

म्हणून ते दिवसभर तसंच करायचे. दहा-बारा घाव घालायचे, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि भिंतीवरची नजर न काढता मागे मागे चालत यायचं. एक, दोन, तीन, मोजत. मागे वळून कधी बघायचे नाहीत. बावीस पावलं झाली की थांबायचे, बघायचे, परत भिंतीकडे जायचे. डाव्या पायावर जरा जास्त भार द्यायचे, त्यामुळे त्या बुटाची टाच सारखी झिजायची. तिला त्यांनी टायरचा तुकडा लावून घेतला होता, तीन खिळे मारून. आम्ही त्यांच्या रस्त्यात विटासुद्धा ठेवायचो नाही. सगळ्यांना माहीत होतं.

आता खड्ड्याचं ऐका. अंगणात एक मोठं झाड लावायचं होतं, त्याच्यासाठी खड्डा. कागदावर तो आबांच्या रस्त्याच्या बाजूला होता, चांगला लांब. एप्रिल महिना, शुक्रवार. खणायला घेतलं तर खाली कातळ. ओळंब्याने बागवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सहा फूट फाटकाकडे सरका, पण आधी कागदावर घ्या. हा म्हणाला, हो. पण मशीन संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जाणार होतं. याने विचार केला, आधी खणून घेऊ, कागद काय, सोमवारी होईल. खड्डा खणला. कंबरेच्या वर खोल, तळाला तोच कातळ. पट्टी संपली होती. शनिवारी साइटला सुट्टी, कोण येणार आहे? खड्ड्याची कड बरोबर एकोणिसाव्या पावलावर आली होती. एरवी एक सूत न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने पावलं मोजली नाहीत.

शनिवारी दुपारी आबा एकटे आले. साडेचारचं ऊन भिंतीवर तिरपं पडायचं, ते त्यांना हवं होतं. कागद बघितले, नेहमीसारखे. कागदावर सगळं जिथल्या तिथे. घाव घातले. चष्मा वर केला. मागे निघाले…

चौकीदाराला संध्याकाळी सापडले.

आबा गेले. पण खरी गोष्ट पुढे आहे. सगळे हॉस्पिटलात गेले, तेव्हा ओळंबा एकटा शेडमध्ये गेला. हिरवा कागद ओढला. गुरुवारची एक ओळ होती, तिच्यात दोन-तीन रोपांचे बदल लिहिलेले आणि खाली ताईंची सही. त्या सहीच्या वर थोडी जागा शिल्लक होती. तिथे त्याने हिरव्या पेन्सिलीने खड्ड्याचा गोल काढला. बस. एवढंच. म्हणजे काय झालं, की खड्डा गुरुवारीच कागदावर होता, ताईंनी तो पाहून सही केली होती आणि आबा शनिवारी तो बघूनही विसरले. चौकशीला आलेल्या माणसांनी कागद पाहिला, मान हलवली, वय झालं होतं म्हणाले, झालं. हे सगळं मला त्याने स्वतः सांगितलं, रविवारी सकाळी, माझ्या घरी येऊन. चहा पुढे ठेवला तो तसाच गार झाला.

ताईंना काही ती सही आठवेना. पण अक्षर त्यांचंच होतं, नाही कसं म्हणणार? त्या बागवाल्या बाईंना म्हणाल्या, मी तिथेच उभा होतो, "गुरुवारी रात्री आम्ही दोघं एकत्र जेवलो. मी त्यांना सांगायचं विसरले. मी सही केली आणि विसरले." बाई म्हणाल्या, अगं, मलाही शुक्रवारीच फोन आला होता असं वाटतंय. पण त्यांचं ते नुसतं वाटणं. समोर कागदावर गुरुवार लिहिलेला, आणि फोन ज्याने केला तोच म्हणतो बुधवारी केला होता. आपल्याच आठवणीवरचा विश्वास उडतो माणसाचा.

झाड त्याच खड्ड्यात लावलं. कुणी म्हणालं बुजवून टाकू. ताई म्हणाल्या, "रिकामा नको राहायला." त्यानंतर त्या कुणाशी जास्तीचा शब्द बोलल्या नाहीत. आणि एक दिवस सांगून टाकलं, जानेवारीच्या शेवटी उद्घाटन झालं की मी हे काम सोडणार, ज्या हाताने सही केली तो हात परत कागदावर ठेवायची माझी हिंमत नाही. ओळंबा शेजारी पाण्याचा पाइप धरून उभा होता. पाइपातलं पाणी त्याच्या बुटात चाललं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

मी त्याला म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, सांगतो. जून गेला. जुलै गेला. सांगतो, सांगतो.

जुलैमध्ये अंगणात गवत लावलं. बागवाल्या बाईंची एक पद्धत होती, ती मला फार आवडायची. त्या वाटा आधी आखायच्याच नाहीत. नुसतं गवत लावायचं आणि लोकांना चालू द्यायचं. माणसाचे पाय जिथे रोज पडतात तिथे गवत मरतं. जिथे मेलं तिथे फरशी टाकायची. जुनं म्युझियम चालूच होतं, माणसं येत-जात होती. सप्टेंबरपर्यंत दोन वाटा दिसायला लागल्या. एक फाटकापासून दारापर्यंत, एक दारापासून पाण्याच्या नळापर्यंत. आणि तिसरी…

तिसरी भिंतीपासून निघाली होती. सरळ. एका माणसाच्या रुंदीची. आणि झाडाच्या अलीकडे दोन हातांवर संपत होती. तिथून ना दार जवळ, ना फाटक. त्या वाटेने कुणाला कुठे जायचं असणार? आम्हाला वाटलं, कामगारांपैकी कुणीतरी झाडाखाली बसायला जात असेल. दोन्ही टोकांना पट्टी बांधली. मीच बांधली. पट्टी जागच्या जागी राहिली आणि गवत मात्र मरत गेलं. ऑक्टोबरात खालची माती दिसायला लागली. चौकीदार रात्री दहानंतर अंगणात जाईना. म्हणायचा, कुणीतरी ठोकत असतं. मग बराच वेळ ठोकत नाही. ते ठोकत नाही तेव्हाच जास्त भीती वाटते.

बागवाल्या बाई हट्टी. म्हणाल्या, गवत मेलं तिथे वाट, मग ती कुणाचीही असो. ताईंना विचारलं. ताई त्या मातीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "करा."

तारीख सांगतो. दहा जानेवारी, शनिवार. त्या पट्ट्यात खाली काँक्रीटचा थर टाकायचा आणि दोन दिवसांनी वर दगडी फरशी. मिक्सरचा पट्टा तुटला, त्यामुळे माल पडायला रात्रीचे साडेदहा झाले. थंडीत माल लवकर धरत नाही. कुत्र्यांसाठी कुणीतरी बसायला हवं होतं. चौकीदाराने हात वर केले. मी म्हटलं मी बसतो, तर ओळंबा म्हणाला, तू जा, घरी नातवाला ताप आहे, मी बसतो. मी गेलो. पुढचं सगळं त्याच्या तोंडून ऐकलेलं. तो जसं बोलला तसंच सांगतो.

झाडाखाली त्याने प्लास्टिकची खुर्ची टाकली. वाट जिथे संपते तिथेच, भिंतीकडे तोंड करून. अंगावर शाल, मांडीवर बॅटरी, शेजारी थर्मास. बारा वाजता एक कुत्रं आलं. फाटकातून आत आलं, अंगणाच्या मध्यापर्यंत आलं, थांबलं आणि आल्या पावली परत गेलं. याला बरं वाटलं, हाकलायला उठावं लागलं नाही.

एक वाजता त्याने थर्मासमधला शेवटचा चहा ओतला. नव्या इमारतीच्या काचांत जुन्या इमारतीवरचा दिवा दिसत होता. तेवढाच उजेड. भिंत अंधारात.

एक वाजून चाळीस मिनिटं. घड्याळ बघितलं म्हणून त्याला नक्की आठवत होतं.

टक्.

त्याला वाटलं पत्रा गार होऊन वाजला असेल.

टक्… टक्… टक्.

हा आवाज त्याने आठ महिने रोज ऐकला होता. छिन्नीचा. तो मोजायला लागला. का मोजतोय ते त्यालाही कळत नव्हतं. दहा… अकरा… बारा.

थांबला.

मग काहीच नाही. तो म्हणाला, मिस्त्री, चौकीदाराचं खरं होतं. आवाजापेक्षा ते वाईट होतं. कारण बारा घाव झाले की पुढे काय होतं, ते मला माहीत होतं.

आणि मग अगदी हळू, ओल्या मालात बूट दाबल्यासारखा…

पच्.

बॅटरी लावली. उजेड भिंतीवर नाचत होता. कुणीच नाही. उजेड खाली आणला. भिंतीला लागून, मघाशी आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या थरावर, एक पाऊल.

पच्.

दुसरं. त्याच्या डोळ्यांसमोर. माल खाली दबला, कडेला जरासा वर आला. वर कुणी नाही.

तिसरं. चौथं.

त्याच्याकडे येत होती. आणि बोटं… बोटं भिंतीकडे होती. टाचा याच्याकडे. पावलं येत होती इकडे आणि पाय होते तिकडे.

तो म्हणाला, पाचावर धारण बसली. लहानपणी जे जे ऐकलं होतं ते सगळं एकदम आठवलं. उलटे पाय. पाय खुर्चीवर ओढून घेतले.

सात. आठ.

डाव्या पावलाच्या टाचेत चौकोनी ठसा. त्यात तीन ठिपके.

आणि तेव्हा त्याला कळलं. हे उलटे पाय नाहीत. हा माणूस मागे मागे चालतोय. भिंतीवरची नजर न काढता.

अकरा. बारा.

तो म्हणाला, तिथून पुढे भीती भुताची राहिलीच नाही. मला माहीत होतं मागे काय आहे. त्यांना माहीत नव्हतं. खड्डा बुजलाय, झाड लावलंय, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच नाही. माझ्या डोळ्यांसमोर तोच खड्डा होता. एप्रिलमधला. उघडा. पट्टी नसलेला.

चौदा.

पंधरा.

इतकं जवळ, की शाल हलली असती तर लागली असती.

सोळा…

सतरा…

अठरा…

"आबा, थांबा. मागे खड्डा आहे."

त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. पुढे तो बोलतच सुटला. खड्डा मी हलवला. शुक्रवारी हलवला. कागदावर नव्हता, आबा. तुमची चूक नव्हती. ताईंचीही नव्हती. मी नंतर काढला. मी काढला…

बॅटरी हातातून पडली आणि विझली.

एकोणिसाव्याचा आवाज आला नाही. तो अंधारात वाट बघत राहिला. किती वेळ, माहीत नाही. आवाज आलाच नाही.

मग तो धडपडत शेडमध्ये गेला आणि ताईंना फोन लावला. दोन वाजून दहा मिनिटं. पहिल्याच रिंगला उचलला. ताई तेव्हा कुठे झोपायच्या? त्याने सगळं सांगितलं. पावलांचं नाही, कागदाचं. मग त्या म्हणाल्या, "मी येते."

मी सकाळी सातला पोचलो. ताई अंगणात, ओळंबा शेडच्या पायरीवर, मान खाली. एका रात्रीत त्याचा पाठीचा कणा गेला होता. ताई आत गेल्या, हिरवा कागद आणला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिल दिली. "खरी तारीख लिहा." त्याने गुरुवार खोडला. शुक्रवार लिहिलं. खाली स्वतःची सही केली. ताईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि तिथेच मातीत बसून रडल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. रडून झाल्यावर त्या ओळंब्याला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण उद्यापासून माझ्यासमोर येऊ नका." तो गेला. साइटवरून थेट पोलिसांकडे गेला आणि जबाब बदलला. त्याला जे भोगायचं होतं ते त्याने भोगलं. ताईंनी काम सोडलं नाही. आज आपण हा जो स्लॅब टाकलाय ना, त्याच्या नकाशावर सही कुणाची आहे ते सकाळी नीट वाचा.

माझंही एक आहे, ते सांगून टाकतो. ज्या शुक्रवारी मशीन खणत होतं, तेव्हा कडेला उभा राहून हात दाखवणारा मी होतो. पट्टी नाही हे मला दिसलं होतं. मी ओळंब्याला विचारलंही, पट्टी? तो म्हणाला, संपली, सोमवारी. मी म्हटलं, बरं. आणि डबा उचलून घरी गेलो. रविवारी त्याने मला सगळं सांगितलं, तेव्हापासून ते जानेवारीपर्यंत मीसुद्धा तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. त्याला सांग सांग म्हणत राहिलो, पण ताईंकडे स्वतः गेलो नाही. त्या माझ्याशी अजून नीट बोलतात. मला त्याचीच लाज वाटते.

त्या सकाळी ताई ओल्या थराच्या कडेने भिंतीपासून चालत निघाल्या. प्रत्येक पावलापाशी थांबत होत्या. टाचेचा चौकोन, तीन खिळे. मी त्यांच्या मागून मोजत होतो. झाडापाशी पोचल्यावर त्या खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. त्यांच्या पाठीमुळे मला पुढचं दिसत नव्हतं. खूप वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, याच्यावर फरशी नको टाकायला." मग बाजूला झाल्या.

ते काँक्रीट अजून तसंच आहे. बघायला जा कधीतरी, गवतात दिसतं. भिंतीपासून अठरा पावलं, सगळ्यांची बोटं भिंतीकडे. आणि अठराव्याच्या पुढे, एकमेकांना लागून, दोन पावलं आहेत. तोच बूट, तीच टाच. त्यांची बोटं झाडाकडे आहेत.

त्याच्या पुढे एकही पाऊल नाही.